देवमनचं बोट

संत्र्याच्या रोपावर डोळा बांधावा तर देवमननंच, असं वरूडकडचा नर्सरीवाला येईल त्याला सांगायचा. खुंटाच्या सालीत चाकूनं चीर द्यायची, उजव्या तर्जनीनं फुटव्याचा कोवळा डोळा आत सरकवायचा आणि मागून बायकोनं, जाईबाईनं, पट्टी आवळायची. घरी भांडण झालेलं असलं तरी हे काम बिनबोलता चालायचं.

गेल्या वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हुकात त्याची ती तर्जनी सापडली आणि मधला सांधा चुरला. अमरावतीच्या डॉक्टरांनी पायाच्या बोटातला सांधा बारीक रक्तवाहिन्यांसकट काढून हाताला जोडला. कलमच की हे, म्हणून देवमन हसला. डॉक्टर हसले नाहीत. तंबाखू बंद, सुपारी-तंबाखू घोटलेला खर्राही बंद. त्यानं नस आवळते आणि सांधा मरतो, असं त्यांनी बजावलं. जाईबाई तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती.

मग कैद सुरू झाली. हात उशीवर, बोटाला ऊब राहावी म्हणून वर तापता दिवा, पायाला बँडेज, कूस बदलायची सोय नाही. नर्स यायची, बोटाचा रंग पाहून जायची. ज्याचा गाल कधी खर्र्याशिवाय रिकामा राहिला नाही, तो गडी पंख्याकडे पाहत पडून होता. जीव नुसता कासावीस. तिसऱ्या दिवशी तो रडला, ते जाईबाईला पाहवलं नाही. आमच्याकडे जीव लावला की खर्रा घोटून देतात. तिनंही टपरीवरून आणला आणि पदराआडून पुढे केला.

“घ्या जी. कोणी पाहून नाही राहिलं.”

नाही, एवढा एक शब्द पुरला असता. देवमननं तोंड उघडलं ते खर्र्यासाठी.

संध्याकाळपर्यंत बोट काळंनिळं पडलं. पुन्हा ऑपरेशन झालं, पण सांधा वाचला नाही. पायाचाही गेला, हाताचाही गेला. कोणी दिला, म्हणून डॉक्टर भडकले. मीच मागवला, असं देवमन म्हणाला. नवऱ्यानं आपल्याला पाठीशी घातलं, असं जाईबाई समजली.

आता तर्जनी ताठ आहे, वाकत नाही. यंदा डोळा जाईबाई बांधते आणि देवमन मागून कशीबशी पट्टी आवळतो. बरेच डोळे वाळून जातात. परवा असाच एक वाळलेला पाहून ती खाली बसली.

“तुमचं बोट माह्यापायी गेलं.”

वर्षभर हे ओझं तिच्या डोक्यावर होतं आणि देवमननं ते राहू दिलं होतं.

“तुले कोणी सांगतलं नव्हतं,” तो म्हणाला. “मले डॉक्टरनं सांगतलं होतं, खर्रा बंद म्हणून.”

जाईबाईनं त्याच्याकडे पाहिलं, चाकू उचलला आणि पुढच्या रोपाशी गेली. तो पट्टी घेऊन मागे गेला. संध्याकाळपर्यंत काम बिनबोलता चाललं.