बिनतेलाची अंजिरं

इलारिओचा पटकन कुणावर विश्वास बसत नसे. दूधवाल्यावर नाही, हवामानाच्या बातम्यांवर नाही, आणि सिसिलीच्या माणसावर तर मुळीच नाही. आता त्याचा शेजारी कालोजेरो नेमका सिसिलीचा निघाला, त्याला काय करणार? शिवाय मुलीच्या बाप्तिस्म्याला इलारिओने त्यालाच धर्मपिता म्हणून उभं केलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘कुंपारे’ म्हणत, अहो-जाहो करत, आणि टोरांटोच्या त्या गल्लीत एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना वीस वर्षं गुण्यागोविंदाने राहिले. कुंपारेशी भांडण म्हणजे देवाशी भांडण, असं आमच्यात म्हणतात. पण एकदा संशय डोक्यात शिरला की माणूस देवालाही सोडत नाही.

भांडणाचं मूळ होतं अंजिराचं झाड. कॅलाब्रियातल्या बापाच्या परसातली फांदी थोरल्या भावाने, ब्रूनोने, ओल्या फडक्यात गुंडाळून बोटीतून आणली. ब्रूनो भाड्याच्या खोलीत राहायचा, म्हणून ती इलारिओच्या मागल्या अंगणात लागली. थंडीने मरू नये म्हणून दर नोव्हेंबरात तिच्या एका बाजूची मुळं तोडायची, झाड वाकवून चरात आडवं करायचं, वर फळ्या, जुने गालिचे आणि माती टाकायची. एप्रिलात पुन्हा उभं करायचं. हे एकट्याचं काम नव्हे. इलारिओ बुंध्याला खांदा लावायचा, कालोजेरो दोर ओढायचा, आणि इलारिओची बायको तेरेसिना पायरीवर उभी राहून दोघांच्या चुका काढायची.

इथला उन्हाळा आखूड. अंजिरं लिंबाएवढी होतात आणि तिथेच अडतात, मग थंडी येऊन सगळा खेळ संपतो. म्हणून गल्लीतले सगळेजण फळाच्या बुडाशी जे बारीक भोक असतं त्याला ऑलिव्हच्या तेलाचा थेंब लावतात. आठवडाभरात फळ फुगून मऊ पडतं. इलारिओ लावत नसे.

“तेल लावून पिकवलेलं अंजीर म्हणजे गालाला रंग फासलेली म्हातारी,” तो बारमध्ये सगळ्यांना ऐकवायचा. “आमच्या बापाच्या झाडाला तेल ठाऊक नाही.”

आणि खरंच, त्याची अंजिरं दरवर्षी सप्टेंबरात आपोआप पिकायची. त्यामुळे तो गल्लीतून जरा ताठ मानेने चालायचा. जरा म्हणजे चांगलाच.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी व्हँकुव्हरहून फोन आला. मुलीला, पीनाला, वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या. तेरेसिना पिशवी भरून धावतपळत विमानतळावर गेली. त्याच संध्याकाळी कालोजेरोने कुंपणावरून झाडाकडे बघितलं.

“कुंपारे, काय लगडलंय हो! असं झाड मी जन्मात पाहिलं नाही.”

एवढं बोलून तो थांबला. ‘देव राखो’ म्हणालाच नाही. कुणाच्या पोराचं, झाडाचं, डुकराचं कौतुक केलं की मागोमाग ‘देव राखो’ म्हणायचं, नाहीतर दृष्ट लागते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या बाळालाही कळतं. दृष्ट टळावी म्हणून इलारिओ खिशात दोन बोटांची शिंगं करून अर्धा मिनिट वाट बघत राहिला. कालोजेरो काहीतरी विचार करत घरात निघून गेला.

आणि अंजिरं अडली. सप्टेंबरचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, फळं हिरवी ती हिरवीच. इलारिओ रोज सकाळी एकेक दाबून बघायचा, दगड बरे. शेजारच्या गल्लीतली तेल लावलेली अंजिरं पिकून खाऊनही झाली होती.

एरवी त्याने नशिबाला शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण यंदा ब्रूनो इस्पितळात होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हाडांची मोळी झालेला. नाताळ दिसेल असं डॉक्टर बोलत नव्हते. इलारिओ दर रविवारी जायचा आणि ब्रूनो एकच विचारायचा.

“पिकली?”

“पुढच्या रविवारी.”

“बाबांच्या झाडाचं एक खाऊन जातो, बस. तेलाचं नको. ते इथली नर्ससुद्धा आणून देईल.”

मग इलारिओने कंबर कसली. झाडाला लाल मिरचीच्या आकाराचं शिंग बांधलं, मुळाशी उघडी कात्री पुरली, मीठ टाकलं. कुंपणाजवळची माती उचलून हुंगली, जिभेला लावून थुंकली. मातीचीच चव लागली, तरी त्याचं समाधान झालं नाही. बारला जाणं बंद केलं, पत्ते बंद केले, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत अंगणात खुर्ची टाकून तो डोळ्यात तेल घालून पहारा देऊ लागला. कालोजेरो तिकडे आपल्या टोमॅटोंत वाकलेला असायचा. तो मान वर करायचा, याला बघायचा, पुन्हा मान खाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं इलारिओला वाटायचं.

एकदा तर कालोजेरोने कुंपणावरून विचारलंच.

“आज पत्ते खेळायला नाही गेलात?”

“मी गेलो तर तुमची सोय होईल, नाही का?”

“कसली सोय?”

“ते तुमचं तुम्हाला माहीत, सिन्योर कालोजेरो.”

वीस वर्षांत पहिल्यांदा ‘कुंपारे’ गळलं होतं. कालोजेरोने हातातला टोमॅटो टोपलीत ठेवला आणि तो आत गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी मात्र मुद्देमालासकट चोर सापडला. इलारिओ लघवीला आत गेला होता. परत येतो तर कुंपणावरून दोन केसाळ हात आत आलेले, एकात औषधाची लहान बाटली, दुसऱ्यात कोंबडीचं पीस.

“विष!” इलारिओ एवढ्या जोरात ओरडला की पलीकडच्या घरांतल्या बायका खिडकीत आल्या. “बघा सगळ्यांनी! दृष्ट लावून पोट भरलं नाही, आता विष घालतोय! माझा भाऊ तिकडे मरायला टेकलाय आणि हा माणूस माझ्या पोरीचा धर्मपिता!”

कालोजेरोचा चेहरा लालबुंद झाला. त्याने तोंड उघडलं, खिडक्यांतल्या बायकांकडे बघितलं, आणि मिटलं. बाटलीचं बूच लावून ती खिशात टाकली आणि मुकाट्याने घरात गेला. खरा असता तर बोलला असता, असं सगळ्या गल्लीचं मत पडलं.

रविवारी तेरेसिनाचा फोन आला. नातू दूध नीट पितोय, पीनाला ताप नाही, हे झाल्यावर इलारिओने विजयाची बातमी दिली.

“बाटली कसली होती?” तेरेसिनाने विचारलं.

“खोकल्याच्या औषधाची. आणि कोंबडीचं पीस.”

“ती माझी बाटली आहे.”

“तुझी कशी? त्याच्या हातात होती.”

“मीच दिली त्याला, जाताना. इलारिओ, नीट ऐक. आपल्या अंजिरांना मी दरवर्षी तेल लावते. तू पत्त्यांना गेलास की लावते. पहिल्या वर्षी सगळी फळं हिरवी गळली तेव्हा तू आठ दिवस जेवला नव्हतास, आठवतं? मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. यंदा घाई झाली, म्हणून कालोजेरोला म्हटलं, तो बारला गेला की तेवढं कुंपणावरून हात घालून लावा. तर तू मेल्या बारलाच गेला नाहीस?”

इलारिओने खिडकीतून अंगणातल्या आपल्या पहाऱ्याच्या खुर्चीकडे बघितलं.

“महिनाभर राखण करत बसलास?” ती म्हणाली. “जा आधी त्यांच्याकडे.”

तो खुर्चीत बसून राहिला. वीस वर्षांची ताठ मान, बारमधली भाषणं, गालाला रंग फासलेली म्हातारी, सगळं त्याच्याच अंगावर कोसळलं. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला, आणि राग कुणावर काढावा हे कळेना, कारण यादीत आता एकच नाव उरलं होतं.

दुपारी तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला. कालोजेरो टोमॅटोच्या वाळक्या वेली उपटत होता. तीन वेली उपटून होईपर्यंत त्याने वर पाहिलंच नाही.

“कुंपारे,” इलारिओ म्हणाला.

“हं.”

“तेरेसिनाचा फोन आला होता.”

“मग?”

“त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही का नाही बोललात? एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं.”

“तोंड बंद झालं असतं, आणि बारमध्ये तुम्हाला जन्मभर तोंड दाखवता आलं नसतं,” कालोजेरो हात झटकत म्हणाला. “त्या बाईला शब्द दिला होता मी. आणि ‘देव राखो’चं म्हणाल, तर चुकलंच माझं. तेरेसिना नसताना तुम्ही हलणार कधी आणि मी तेल लावणार कधी, याच विचारात होतो. राहून गेलं म्हणायचं.”

इलारिओचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. कालोजेरोने खिशातून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

“मोठी तेवढीच धरा. बारक्यांना लावून उपयोग नाही. आणि थेंबच हं, सॅलड करायचं नाहीये.”

दोघांनी मिळून चौदा अंजिरांना तेल लावलं, तेही खिडक्यांतल्या बायकांसमोर, भर दुपारी. आठवड्याने थंडी पडली आणि पानं काळी झाली. त्याआधी तीन अंजिरांनी पिकून माना टाकल्या होत्या. एक कालोजेरोला गेलं. दोन इस्पितळात.

गाडीतून जाताना इलारिओने ठरवलं होतं, ब्रूनोला काही सांगायचं नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला? ब्रूनोने पहिलं अंजीर सालासकट तोंडात घातलं, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळलं.

“बघ,” तो म्हणाला. “बिनतेलाचं ते बिनतेलाचं. जिभेला लगेच कळतं.”

इलारिओने मान डोलावली. पण महिनाभर तो एका भल्या माणसाला लबाड ठरवत होता, आणि आता भावाच्या पलंगाशी स्वतः खोटं गिळून बसला होता.

“तेल लावलंय, ब्रूनो. तेरेसिना वीस वर्षं लावत होती. मला पत्ता नव्हता.”

ब्रूनो चघळायचा थांबला. रागावेल, थुंकेल, असं इलारिओला वाटलं. ब्रूनोने घास गिळला आणि तो छताकडे बघत राहिला.

“आई रोज पहाटे, बाबा उठायच्या आत, झाडाखाली जायची,” तो हळूहळू म्हणाला. “तू लहान होतास. मला वाटायचं, देवाचं नाव घ्यायला जाते.”

“हातात काही असायचं?”

“असायचं काहीतरी. शालीखाली.”

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

“बिचारे बाबा,” ब्रूनो म्हणाला, आणि दुसऱ्या अंजिरासाठी त्याने हात पुढे केला.