दोन दिवसांच्या बोलीवर आलेला मोबाईल

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि जळगावात मोबाईल अजून मोजक्याच खिशांत दिसायचा. आमच्या डाळमिलच्या ऑफिसात तो एका शनिवारी सकाळी आला, दोन दिवसांच्या बोलीवर. वापरून बघा, सोमवारी घ्या नाहीतर परत करा. आणला होता मालकांच्या धुळ्याच्या जावयांनी. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. जावयांनी फोन भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि माझ्यासमोरच म्हणाले, "आता खिशातच फोन. तो घ्यायला ऑफिसात बाई कशाला पोसायची?"

पोसायची! नऊ वर्षं मी त्या टेबलावर फोन घेत होते आणि घरात कमावती मी एकटी. अंगाचा तिळपापड झाला. भाऊ खिशातला फोन चाचपत नुसते हसले, ते जास्त लागलं. सोमवारी माझाच निकाल लागणार होता.

माझं काम नुसतं 'हॅलो' म्हणायचं नव्हतं. व्यापाऱ्याने भाव विचारला की पहिल्या दमात सांगायचा नाही, हा भाऊंचा नेम. मी म्हणायचं, "भाऊ पूजेत आहेत, अर्ध्या तासाने करा." तेवढ्यात अकोला, इंदूरला फोन लावून मी तिथला चालू बाजारभाव काढायचा आणि मग भाऊंनी मिशीला पीळ देत भाव बोलायचा. त्या काळात भाऊंइतकी पूजा अख्ख्या खानदेशात कुणी केली नसेल.

जावयांनी नेहमीच्या व्यापाऱ्यांना नवा नंबर कळवला आणि मला सांगितलं, आज तुम्ही नुसत्या बसा. बसले. पहिला फोन वाजला, भाऊंनी हौसेने उचलला, समोरच्याने तूरडाळीचा भाव विचारला आणि भाऊंच्या तोंडून कालचाच भाव निघून गेला. सौदा पक्का. पाच मिनिटांत कळलं, सकाळपासून बाजार चढलाय. भाऊंनी कपाळाला हात लावला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दुसरा फोन धुळ्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा. या वेळी भाऊ सावध होते. त्यांनी बटण दाबलं, आवाज बारीक केला आणि स्वतःच्याच फोनवर म्हणाले, "भाऊ बाहेर गयात."

पलीकडचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. "काय भाऊ, तुम्हीच तं बोली ऱ्हायनात!"

मी तोंडाला पदर लावला. दुपारपर्यंत भाऊ घामाघूम झाले. फोन वाजला की दचकायचे, खिशावर हात दाबून धरायचे. संध्याकाळी त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "ताई, उद्याना दिन हाई डबडं तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या."

रविवारी मिल बंद असायची, पण सोमवारच्या मालाचे सौदे त्याच दिवशी जुळायचे. आमच्या घरी रविवारी सकाळी बुद्धवंदना असते. ती आटोपून उठतेय तोच फोन वाजला आणि मी सरावाने सांगून टाकलं, "भाऊ पूजेत आहेत." आई डोळे वटारून बघत राहिली. मग त्याच फोनवरून मी अकोला लावलं, इंदूर लावलं, भाऊंना घरी विचारलं आणि व्यापाऱ्याला भाव कळवला. दिवसभरात पाच सौदे झाले, पाचही चढ्या भावाने. गल्लीतल्या बायका फोन बघायला आल्या. खोटं कशाला बोलू, मी मिरवून घेतलं.

सोमवारी जावई हजर. "मग भाऊ, घ्यायचा ना? खिशात ठेवायची सवय होईल हळूहळू."

"लेवाना शे," भाऊ मान डोलावत म्हणाले. "पण तो ताईजोडे ऱ्हाई."

"आणि तुमच्याजवळ काय?"

"मनाजोडे ताई शेतस ना."

जावयांचं तोंड एवढंसं झालं. नऊ वर्षांत भाऊंनी माझं कौतुक असं कधी केलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. पण तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यावी, एवढं मलाही कळत होतं. जावई दाराबाहेर पडायची मी वाट पाहिली नाही. तिथेच, त्यांच्यादेखत, पगारवाढ मागितली. आणि घेतली.