कतारगामचे पाहुणे

किस्से शोधायला मी कधी कुठं गेलो नाही. ते आमच्याकडे गाडीनं यायचे! सोबत पिशवीत कळण्याचं पीठ, भरताची वांगी आणि बदलायला एक धोतर. नव्वदीतली गोष्ट. मी सुरतेत कतारगामला पॉवरलूमच्या कारखान्यात होतो, आणि धुळ्याकडच्या आमच्या गावात "सुरतला आपलं घर आहे" हे वाक्य मी सोडून सगळेच म्हणायचे.

माझी बायको शोभा आल्याआल्या पाण्याच्या तांब्यासोबत नियमही द्यायची. रस्त्यावर थुंकायचं नाही, दुकानात गादीवर चप्पल घालून चढायचं नाही, वरणात गूळ लागला तर तोंड वाकडं करायचं नाही. पाहुणे मान डोलवायचे. मग बाहेर पडायचे, आणि घोळ व्हायचा तो नियमात नसलेल्या जागी!

पहिले आठवतात ते शोभाचे थोरले भाऊ. शाळामास्तर, अतिशय सभ्य. त्यांना मी सकाळी खमण खायला नेलं. तिथं माझ्या ओळखीचे दोन सुरती दोस्त भेटले आणि दोघांनी एकमेकांच्या खानदानाचा असा काही उद्धार केला की गुरुजींच्या हातातली चटणी सांडली! सुरतेत शिवी म्हणजे नमस्कारच, पण हे त्यांना कोण सांगणार? ते उठले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"बाबांनो, शिकलेसवरलेले दिसता. भांडण कशाला?"

दोघं चकित. एकानं मला विचारलं, "आ कोण छे?" मी म्हटलं, "माझे मेहुणे." त्याबरोबर त्यानं प्रेमानं गुरुजींच्या पाठीवर थाप मारली, लोच्याची, म्हणजे मऊ खमणाची, गरम प्लेट हातात दिली आणि एक भलीमोठी शिवीही दिली.

गुरुजींनी हळूच विचारलं, "दाजी, ते मला काय म्हणाले?"

"'खा' म्हणाले."

"एवढं लांबलचक?"

बन्सीमामांचं वेगळंच. मामांच्या तोंडात तंबाखू नाही असा क्षण आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. त्यात प्लेगनंतर सुरत तेव्हा नुकतीच लख्ख झालेली. स्टेशनाबाहेर रस्ता झाडणाऱ्या बायका, आणि मामांच्या डोक्यात सूनबाईचा मागच्या खेपेचा नियम! तोंड गच्च मिटून ते मामींबरोबर शटल रिक्षात बसले. ड्रायव्हर विचारतोय, "क्यां जवुं छे?" मामा बोटानं दाखवताहेत. मामी लाजून पदरात तोंड घालून बसलेल्या.

शेजारी एक व्यापारी होते, कपाळावर केशरी टिळा. त्यांनी अदबीनं विचारलं, "मौन छे?"

मामा काय करणार? मान हलवली.

झालं! व्यापारी सरकून बसले. मामांना ऐसपैस जागा मिळाली. "धीमे चलाव, भाई," असा ड्रायव्हरला दम मिळाला. आणि उतरताना त्या भल्या माणसानं वाकून मामांच्या पायांना हात लावला!

मामा घरात शिरले ते थेट मोरीत. चूळ भरून बाहेर आले आणि म्हणाले, "सूनबाई, तुमच्या सुरतेत न बोलणाऱ्याला फार मान आहे गं!"

मामी पिशवी टेकवत म्हणाल्या, "मग गावाला गेल्यावरही ठेवा की ते व्रत!"

ह्याच मामींना मी दुसऱ्या दिवशी रिंग रोडला साड्यांच्या मार्केटात नेलं. दुकानदार गोड माणूस. "आवो बेन, बेसो बेन, आ कलर तमारा माटेच छे, बेन!" मामी ऐसपैस बसल्या. निवांत एक साडी निवडली, घडी मांडीवर घेतली आणि उठल्या.

"बेन, पैसा?"

"दादा," मामी म्हणाल्या, "मघापासून बहीण बहीण म्हणताय. बहीण दारात आली तर भाऊ साडी नेसवतो की पैसे मागतो?"

दुकानातली सगळी माणसं खिदळायला लागली. शेठ हात जोडून म्हणाले, "बेन, मी तर येईल तिला बेनच म्हणतो!"

"मग बाकीच्या भोळ्या आहेत," मामी म्हणाल्या.

शेवटी मामींनी पैसे दिले, पण वर ब्लाऊजपीस घेतला, तो घेतलाच. वर राखीपौर्णिमेला माझ्या हाती शेठना राखी पाठवली! तेव्हापासून त्या दुकानात खानदेशी बाई शिरली की शेठ घाईघाईनं म्हणतात, "आवो मॅडम!"

काशीमावशीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिला डुमसला नेलं. तिनं नवं लुगडं नेसलेलं, समुद्राची ओटी भरायला नारळ घेतलेला. पोचलो, तर ऐन ओहोटी! नजर जाईल तिथवर काळा चिखल. पाण्याचा पत्ता नाही.

मावशीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "समुद्र कथा गया?"

भजीवाला कढईतून मान वर न करता म्हणाला, "गयो छे. आवशे!"

मला वाटलं, बिचारी रडेल. पण मावशी नारळ मांडीत घेऊन बाकड्यावर बसली आणि पाहुणीच्या हक्कानं रागावली, "इतला लांबथून पाव्हना उनात, अन् हाऊ घरमा नही!"

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर पहिल्यांदाच गावाबाहेर पडले होते. दिवसभर खिडकीशी बसायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. म्हणून मी त्यांना कारखाना दाखवायला नेलं. आमचे शेठ कडक. त्यांचं घर कारखान्याच्या मागंच, पण त्याची पायरी मी कधी चढलो नव्हतो. निघताना शेठनी आबांना हात जोडले. "आवजो, दादा. घेर आवजो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर शोभा म्हणाली, "आबा तुमच्याबरोबर नाहीत? धुतलेली टोपी घालून गेले, शेठनी बोलावलंय म्हणाले. वांगीही नेलीत!"

मी पळत सुटलो. नोकरी गेली असंच वाटत होतं. शेठ स्वतःच्याच दारात उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत झोपाळ्यावर त्यांच्या म्हाताऱ्या आई, बा. समोर खुर्चीवर आबा. मध्ये परातीत पापडीच्या शेंगा, आणि दोघंही त्या सोलताहेत. बा गुजरातीत त्यांच्या बारडोलीकडच्या माहेरच्या म्हशीबद्दल सांगत होत्या, आबा अहिराणीत आमच्या म्हशीबद्दल. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं.

मला कुठलं गप्प बसवतंय! "शेठ, माफ करा," मी म्हटलं. "आबा, 'आवजो' म्हणजे 'या' नव्हे हो! इथं निरोप देताना तसं म्हणतात. म्हणजे, आता निघा!"

आबांचा हात थांबला. "असं से का?" एवढंच म्हणाले. हातातली शेंग परातीत ठेवली, धोतराला हात पुसले, बांना नमस्कार केला आणि दाराशी आले. एक पाय चपलेत घातला.

बांनी पायानं झोपाळा थांबवला. परातीतल्या उरलेल्या शेंगांकडे पाहिलं, मग आबांकडे. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठासून म्हणाल्या, "आवजो!"

आबांनी चपलेतला पाय बाहेर काढला.