ड्राय-सूट घेऊन उदगीरला

नांदेडला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन जड पेट्या होत्या आणि आपण योग्य ठिकाणी आलोय की नाही ही शंका. मी पाणबुड्या; मुंबईच्या कंपनीने कामाचा पत्ता दिला होता, "उदगीर, जिल्हा उस्मानाबाद." फलाटावरचा चहावाला म्हणाला, "उदगीर आता लातुरात हाय, साहेब. नवा जिल्हा झालाय. पण एसटी इथूनच धरा." एका गावासाठी तीन जिल्ह्यांची नावं ऐकून माझं मालवणी डोकं गरगरलं.

एसटीत कंडक्टरने पेट्यांकडे संशयाने पाहिलं. "काय हाय ह्याच्यात?"

"ड्रेस आहे. पाण्यात उतरलं तरी अंग कोरडं ठेवणारा."

"अन् तो घेऊन हितं आलात? हितं बिनड्रेसचंच समदं कोरडं हाय!" अख्खी गाडी हसली. मीही हसलो, करतो काय!

खिडकीबाहेर भेगाळलेली काळी जमीन आणि चारा छावणीकडे निघालेल्या ठिपकेदार देवणी गाई दिसत होत्या. समुद्राकाठी जन्म गेलेल्या माणसाला एवढी कोरडी जमीन पाहून घशालाच कोरड पडते.

उदगीरला शिवराजअप्पा न्यायला आले होते. ते धान्याचे व्यापारी. गावाच्या पाण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतलेली. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. तळ्यात हिरवट पाण्याचा एकच डोह उरला होता आणि गावाला पाणी देणाऱ्या पाइपाचं तोंड त्याच्या तळाशी गाळाने बुजलं होतं. एक पोहणारा उतरला, तो अंगभर फोड घेऊनच वर आला. तोंड मोकळं झालं तर गावाला पाणी, नाहीतर टँकरपुढे रांग. ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी मस्त होती.

सकाळी तयारी करताना अप्पांच्या आईने, अव्वांनी (इथल्या कन्नड बोलणाऱ्या घरांत आईला अव्वा म्हणतात), माझ्या डाव्या मनगटाला काळा दोरा बांधला. खोल पाण्यात उतरणाऱ्याला तो बांधायचाच, अशी त्यांच्याकडची रीत. बांधू दिला.

खरी लढाई सूटशी होती. तो शिवलेला कुणा सहाफुटी गोऱ्यासाठी आणि घालणारा मी, पाच फूट चार! पाय लोंबत होते. कंबरेशी घडी घालून वर अप्पांचं उपरणं आवळलं, बुटांत दोन-दोन मोजे कोंबले. पाणी आत शिरू नये म्हणून गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या असतात; त्यातली गळ्याची इतकी करकचून बसली की डोळ्यांपुढे अंधारी आली. अप्पा धावत करडईचं तेल घेऊन आले. "अहो, तेल नको! रबर सडेल!" मी ओरडलो. शेवटी ती पट्टी दुपारभर अव्वांच्या कळशीवर ताणून ठेवली. अव्वा म्हणाल्या, "माझ्या कळशीला गळफास कुणी लावला रे?"

संध्याकाळी डोहात उतरलो आणि थोड्याच वेळात वर आलो, तो आतून चिंब. आता हा घाम की गळती? त्या उन्हात रबरात कोंबलेला माणूस घामाने न्हाणारच. पण गळती असेल तर पाणी पायांत साठणार, सूट जड होणार आणि गाळात रुतलो की वर येणं कठीण.

"घामच असंल," अप्पा म्हणाले.

"आणि नसला तर?"

समुद्रात हा प्रश्नच कधी पडला नव्हता, तिथे एवढा घामच येत नाही. आणि चाखून बघावं तर हे पाणी अंगाला फोड आणणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रबर अंगावर सरकावं म्हणून हातांना भरपूर पावडर फासली आणि काठाशीच एक डुबकी मारली. सूट काढला तर उजव्या हातावर घामाने झालेला पावडरीचा चिखल, डाव्या हातावर मात्र मनगटापासून कोपरापर्यंत धुतल्यासारखी स्वच्छ रेघ. पाणी तिथून येत होतं! आणि रेघ सुरू कुठून होत होती? दोऱ्यापासून. मनगटाची पट्टी दोऱ्यावर नीट बसतच नव्हती.

मी कात्री मागितली. अव्वा काठावर आल्या होत्या, त्यांनी माझा हातच धरला. "कापायचा न्हाई. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. तेबी माणूस परत आल्यावर."

"अव्वा, गाव तहानलंय!" अप्पा वैतागले.

"अन् हा कुणाचाच लेक न्हाई का?"

मग अव्वांनीच दोरा सोडला आणि स्वतःच्या मनगटाला बांधला. "तू वर येस्तवर माझ्या हाताला. तवर मी पाणी तोंडाला लावत न्हाई," असं म्हणून बाभळीखाली बसल्या.

खाली हाताला हात दिसत नव्हता. चाचपडत गाळ उपसला, पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेलं पोतं ओढलं, मग फांद्या. मनात सारखं एकच: ती म्हातारी या उन्हात बिनपाण्याची बसलीय, लवकर कर मेल्या! डावा हात मात्र अगदी कोरडा होता.

वर येऊन ओरडलो, "मोकळं झालं!" पंप सुरू झाला आणि सगळे बांधापलीकडे पाणी बघायला धावले. सगळे म्हणजे सगळे. अप्पासुद्धा! या सूटची चेन पाठीवर असते, ती स्वतःची स्वतःला उघडत नाही. मी उन्हात शिजत, "अप्पा! अहो अप्पा!" करत उभा. ऐकतोय कोण?

मागून कुणीतरी दोन्ही हातांनी चेन ओढली. अव्वा होत्या.

"तुम्ही नाही गेलात पाणी बघायला?"

"पाणी काय, उद्याबी दिसंल. तू वर येतूस का न्हाई, ते बघत बसलते." आणि सकाळपासून थेंबही न घेतलेल्या त्या बाईने पदराआडचा तांब्या माझ्यापुढे धरला. "आधी तू पी."

मालवणला परतल्यावर सगळे विचारतात, उदगीरला पाणी किती आलं? मी ते पाहिलंच नाही. मला माहीत आहे ते एक तांब्याभर. अर्धं मी प्यालो, अर्धं अव्वा.