यमुताईच्या खड्यांची बरणी

प्रताप नगरात लग्न ठरलं की आधी हॉल धरायचा की आधी यमुताई, यावर घरोघरी वाद होतात. उलट्या मडक्यावर भाजायच्या लंब्या रोट्या तिच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. परातभर सैल कणीक ती अशी उचलून आपटते, की शेजारच्या घरातली भांडी मांडणीवर हलतात.

तीच यमुताई हसताना पाय आवळून घेऊ लागली. तिचं अंग बाहेर येत होतं. बाळंतपणं आणि परातींनी आतला आधार सैल झालेला. खाली उतरलेलं हाताने आत सारायचं आणि पुन्हा कणकेला भिडायचं. ही गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. शेवटी सून श्वेताने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. बाईंनी आधी व्यायाम दिले, मग आधाराला रिंग बसवून पाहिली. ती काही टिकली नाही. तेव्हा ऑपरेशन झालं. पोटाला चीर न देता खालूनच गर्भाशय काढलं आणि आतल्या सैल भिंती टाके घालून आवळल्या. घरी पाठवताना बाईंनी बजावलं, की तीन महिने जड उचलायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पुन्हा उतरेल.

घोळ घातला तो चंपतरावांनी, म्हणजे यमुताईच्या नवऱ्याने. माणूस सज्जन, पण लाजाळू. त्यांनी गल्लीत सांगून टाकलं, की पित्ताचे खडे होते. आता खडे म्हटले की ते बाटलीत घालून घरी आणायचे आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवायचे, असा आपल्याकडे रिवाजच आहे. पलीकडच्या सिंधूताईचे खडे तर टीव्हीशेजारी, नातवाच्या ट्रॉफीला लागून असतात. ती यमुताईला भेटायला आली आणि आल्या आल्या तिने खडे मागितले. चंपतराव मागच्या दाराने गेले आणि समोरच्या बांधकामावरची गिट्टी धुऊन, लोणच्याच्या बरणीत घालून घेऊन आले. त्यातला एक खडा लिंबाएवढा होता. सिंधूताई यमुताईकडे देवीकडे पाहावं तशी पाहू लागली.

इथवर यमुताईनेही गंमत पाहिली. पण सोबत नणंद सुभद्राही आली होती, आणि तिच्या अश्विनचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. खड्यांच्या ऑपरेशननंतर सिंधूताई लगेच पाण्याची पिंपं उचलू लागली होती, तेव्हा वहिनी रोट्यांना येणारच, हे सुभद्राने परस्पर ठरवून टाकलं. चंपतरावही मान डोलवू लागले. बिचाऱ्यांना आता आपलंच खोटं खरं वाटू लागलं होतं.

यमुताईने बरणी हातात घेतली.

"हे खडे समोरच्या बांधकामावरचे आहेत," ती म्हणाली. "माहं अंग बाहेर येत होतं. ते आत बांधून आणलं. आता परात उचलली तं टाके तुटतीन."

चंपतरावांना भिंतीवरच्या कॅलेंडरात अचानक रस वाटू लागला. सुभद्रा कुजबुजली, "हळू बोल नं वं. बाहेर माणसं बसली आहेत."

"काहून हळू? त्यायच्याच रोट्या करता करता उतरलं नं ते? मी काय चोरी करून आणली?"

आधी सिंधूताई फिस्सकन हसली, आणि हसता हसता तिने पाय आवळले. यमुताईच्या नजरेतून ते कसं सुटेल? ती एवढंच म्हणाली, "उद्या श्वेतासंग जा." सिंधूताईने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

अश्विनच्या लग्नात लंब्या रोट्या झाल्याच. मांडवामागे यमुताई खुर्चीत बसली होती आणि परातीपुढे चंपतराव होते, बनियनवर, कोपरापर्यंत कणकेत. सगळी वऱ्हाडी मंडळी वाकून वाकून पाहून जात होती. पहिली रोटी मडक्यावर पडली ती थेट दोन तुकड्यांत.

"आपटा नं जोरानं," यमुताई सगळ्यांदेखत म्हणाली. "गिट्टी उचलता येते तं कणीक काहून नाही येत तुमाले?"

आणि हसली. पाय ऐसपैस सोडून, पोटभर.