चौसष्टची चौकशी

आमच्या कॉलेजात हजेरीपटावर मुलींची नावं शेवटी असत. साठ मुलगे संपले की आम्ही पाच जणी, एकसष्ट ते पासष्ट. सर साठावर आले की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं आणि वर्ग हसायचा. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जिल्ह्यात कॉलेजही नवंच होतं, आणि एका वर्गात पाच मुली म्हणजे लोकांनी मुद्दाम बघायला यावं असा प्रकार होता. मी त्रेसष्ट. आम्ही एकमेकींनाही नंबरानेच हाक मारायचो, कारण नावाने मारली की ते नाव मुलांच्या कानावर पडे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दिसे.

ही सवय पुढे इतकी उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. परीक्षा झाल्या झाल्या एकेकीची लग्नं लागली आणि नावं गेली. आडनाव तर जातंच, पण आमच्याकडे नवरदेव अंगठीने तांदळात नवं नाव लिहितो आणि आईबापांनी ठेवलेलंही जातं. मला सासरी जे नाव मिळालं ते सासूबाईंच्या वारलेल्या नणंदेचं होतं. त्या नावाने हाक आली की पहिली दोन वर्षं मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावताहेत म्हणून. नाव बदलू दिलं नाही ते एकट्या पासष्टने. ती बौद्ध घरातली, तिच्या वस्तीतली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी. तिच्या लग्नात तांदूळ-अंगठी हा प्रकारच नव्हता, आणि असता तरी तिने कोणाला काही लिहू दिलं नसतं. पण आम्हा बाकीच्यांची नवी नावं लक्षात ठेवणं कोणालाच जमेना. तेव्हा पत्रातही आम्ही नंबरच लिहू लागलो.

पत्रं म्हणजे कार्डं. बंद पाकीट सुनेच्या नावाने आलं की घरात सगळ्यांचे कान टवकारतात. उघडं कार्ड पोस्टमन वाचतो, सासरे वाचतात, शेजारीणही वाचते, आणि सगळ्यांनी वाचलं की कोणाला त्यात गम्य राहत नाही. ‘एकसष्टला मुलगी झाली. बासष्टच्या घरी विहिरीला पाणी लागलं. पासष्टची बदली अकोल्याला.’ एकदा मात्र माझे सासरे असं कार्ड हातात धरून सासूबाईंना गंभीरपणे म्हणाले, “सून आकडा लावते की काय बघा.” मटक्याचे दिवस होते ते. सासूबाईंनी माझी पेटी उघडून पाहिली आणि तिच्यात कार्डांशिवाय काही निघालं नाही.

सगळ्यांची कार्डं येत, चौसष्टचं मात्र एकही नाही. शेवटच्या पेपरनंतर तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि ती धामणगाव बढ्याकडच्या आपल्या गावी गेली, एवढंच माहीत होतं. महिन्याभरात लग्न झालं म्हणे, आमच्यापैकी कोणालाच आमंत्रण नव्हतं. मी तिच्या शेजारी बसायची. अर्थशास्त्राच्या तिच्या वह्या आम्ही चौघी उतरवून घ्यायचो आणि ती फक्त म्हणायची, “समजून उतरवा वं.” माझ्या घरचे म्हणतात तशी मला नसत्या चौकश्यांची खोड आहे. भाजीवालीने दोन दिवस टोपली आणली नाही तर तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात. मग शेजारी बसणारी अख्खी मुलगीच कुठे गेली, हा प्रश्न मला कसा सुटावा? मी तिच्या भावाला दोन पत्रं पाठवली. एकालाही उत्तर आलं नाही.

अशी वीस वर्षं गेली. मी देऊळगाव राजाला शाळेत मास्तरीण झाले. बासष्ट अमडापूरला नांदत होती. तिचं कार्ड आलं : ‘बाजारात चौसष्ट दिसली. कासाराकडे बांगड्या भरत होती. मी जवळ गेले तर पदर ओढून उठून गेली. तीन कोसांवरच्या गावची, अमक्याची थोरली सून, असं कासाराने सांगितलं. तिला ओळख द्यायची नसेल. सोड.’

मला सोडता येत नाही. त्याच दिवशी मी चौसष्टला कार्ड टाकलं. नवं नाव ठाऊक नव्हतं म्हणून पत्त्यावर ‘अमक्यांच्या थोरल्या सूनबाई’ असं घातलं. ‘चौसष्ट, कुठे दडून बसलीस? आपलं कॉलेज संपून वीस वर्षं झाली. बी.ए.च्या वर्गातल्या आपण सगळ्या दिवाळीच्या सुट्टीत एकसष्टकडे जमतोय. तू नाही आलीस तर मी येऊन धरून नेईन. तुझी, त्रेसष्ट.’

दिवाळी झाली. एकसष्टकडे आम्ही चौघी जमलो, अनारसे खाल्ले, आणि ती आली नाही. सुट्टीचे दोन दिवस उरले होते. मी चिखलीवरून अमडापूर गाठलं. बासष्ट सोबत यायला तयार होईना, म्हणाली, “तिथं मले ओळखतात लोक. अन् तुले तरी काय पडलं आहे?” मला काय पडलं होतं हे मलाही नीट सांगता आलं नसतं. आजारी असेल, दुःखात असेल, की आम्हाला विसरली असेल, एवढंच बघायचं होतं. पुढची एस.टी. दिवसातून एकदाच होती, ती पकडून मी निघाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर एक म्हातारी सुपात उडीद पाखडत बसली होती. मी देऊळगाव राजाहून आले, मास्तरीण आहे, थोरल्या सूनबाईंना भेटायचंय, असं सांगितलं.

“काऊन?” सूप थांबलं नाही.

“आम्ही सोबत शिकायला होतो.”

आता सूप थांबलं. “म्हंजे थे कार्ड तुमचं काय?”

मी आनंदाने हो म्हटलं. कार्ड पोचलं होतं, घर बरोबर होतं, वीस वर्षांची चौकशी पाच मिनिटांत संपणार होती.

“बसा,” म्हातारी म्हणाली. “तुमच्याशीच बोलाचं होतं मले. पोस्टमननं थे इथंच उभं राहून वाचलं. बी.ए. म्हने. अख्ख्या गल्लीनं आयकलं. माहा पोरगा नववी नापास हाय. त्याच्याहून जास्त शिकेल पोरगी नको, हे मी सोयरीक करतानीच सांगतलं होतं. तिच्या बापानं देवाची शपथ घेऊन सातवी सांगतली. आता माहा पोरगा म्हनते, वीस वर्सं मले येडं बनवलं. महिना झाला, तिच्यासंग एक शब्द बोलला नाही. येत्या आठवड्यात तिच्या भावाले बोलावतो अन् पोचवतो म्हनते हिले माहेरी.”

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली होती, ती परत उचलून मांडीवर घेतली.

“तिले इचारलं,” म्हातारी पुढे म्हणाली, “त थे म्हनते, माह्यं नाव तरी हाय काय त्याच्यावर? नंबर हाय. दुसऱ्या कोनाचं असंन. मी तिलेच वाचाले लावलं थे कार्ड. अक्षराले अक्षर जोडत वाचते हो बिचारी. बी.ए. असती त अशी वाचली असती काय? पन पोरगं आयकत नाही. आता तुम्हीच आल्या त बरं झालं. बाहेर ये वं,” तिने आत हाक मारली. “पाहा बाई नीट. हेच हाय काय तुमची मैत्रीण?”

ती दारात येऊन उभी राहिली. पदर कपाळापर्यंत, हाताला पीठ. चेहरा रापलेला, अंगाने आडवी झालेली. पण सरांनी नंबर पुकारला की सगळा भार उजव्या पायावर टाकून, डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकवून उभी राहायची, तशीच उभी होती. मी तिला हजारात ओळखलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच उडदाच्या सुपाकडे पाहिलं.

ज्या मुलीच्या वह्या आम्ही उतरवल्या ती या ओट्यावर उभी राहून अक्षराला अक्षर जोडत माझंच कार्ड वाचत होती, आणि ते माझ्या चौकसपणामुळे. मला स्वतःची लाज वाटली. शाळेत तपासनीस आले की जो आवाज काढते तो काढून मी म्हणाले, “नाही हो. ही नव्हे. माझी मैत्रीण उंच होती, हिच्याहून वीतभर तरी. गोरी होती. माझाच पत्ता चुकला.”

“नीट पाहा.”

“पाहिलं. यांना मी आज पहिल्यांदाच बघते.”

हे वाक्य मी तिच्या तोंडावर म्हटलं. वीस वर्षं तिला शोधून तिच्या तोंडावर हेच म्हणायला मी आले होते काय, असं मनात आलं, पण चेहरा मास्तरणीचाच ठेवला.

म्हातारीने मोठा श्वास सोडला. तिचं अंगच सैल झालं. “मी सांगतलंच होतं पोराले. येऊ दे त्याले वावरातून, आता सांगतो, खुद्द कार्डवालीच येऊन गेली म्हना. चाय मांड वं बाईसाठी. घर चुकलं त काय झालं, चाय पिऊनच जावा.”

चहा होईपर्यंत म्हातारीने मला सोडलं नाही. चौकश्यांच्या बाबतीत ती माझीच मोठी बहीण निघाली. वीस वर्षं एखादीला शोधायचं म्हणजे काय, तिनं काही नेलं होतं काय तुमचं, नवरा कसा काय सोडतो असं हिंडायला, सगळं विचारलं. मीही मग सगळं सांगितलं. तोंड म्हातारीकडे होतं, आवाज मात्र चुलीपर्यंत जाईल इतका मोठा ठेवला. एकसष्ट बुलढाण्याला कचेरीत लागली, तिला दोन मुली. बासष्ट अमडापूरला असते, घरचं सगळं तीच बघते. पासष्टला तिच्या खात्यात आता साहेब म्हणतात. दिवाळीत आम्ही जमलो तेव्हा आमच्यातल्या न आलेल्या पाचवीचीच आठवण निघत होती. तिच्या वह्यांवर आम्ही चौघी पास झालो, हे आम्ही विसरलेलो नाही. आतून पातेल्याचा आवाज यायचा थांबला होता.

ती कपबशा घेऊन आली. माझ्यापुढे एक ठेवली, सासूपुढे एक. परत जायला वळली आणि दाराच्या चौकटीला धरून थांबली.

“बाई,” ती म्हणाली, “थे तुमची मैत्रीण पास झाली होती काय?”

मला आधी समजलंच नाही. चौसष्ट पास झाली का, हे चौसष्टनेच विचारायचं? मग मनातल्या मनात तारखा लावल्या. लग्न मेमध्ये. निकाल जूनमध्ये, वर्तमानपत्रात, नुसते परीक्षेचे नंबर. तेव्हा ती या घरात सातवी शिकलेली सून होती. तिने पेपर कोणाला मागायचा? माहेरी गेली तरी बापाने कॉलेजचा शब्द काढू दिला नसणार. आम्ही तिला एक कार्ड टाकू शकलो असतो तर टाकलं असतं, पण पत्ता नव्हता, आणि टाकलं असतं तर काय झालं असतं ते आता समोर दिसतच होतं. वीस वर्षं हिला आपला निकाल माहीत नव्हता.

“तुले काय करायचं त्याचं?” सासू म्हणाली.

“असंच इचारलं.”

मी कप खाली ठेवला. निकाल मीच बघितला होता. आम्हा पाचही जणींचे परीक्षेचे नंबर ओळीने होते, आणि चौघींचे खालच्या यादीत सापडले, तिचा सापडेना. नापास झाली की काय म्हणून मी ती यादी पुन्हा वाचली होती. मग वर बघितलं.

“पास झाली,” मी सांगितलं. आता मी म्हातारीकडे बघत नव्हते. “आम्ही चौघी थर्ड क्लास. सेकंड क्लास तिला एकटीला मिळाला. मुलांतही फार कोणाला नव्हता. गुणपत्रक आणायला गेलो तेव्हा सरांनी सगळ्यांपुढे तिचं नाव घेऊन सांगितलं, नंबर नाही, नाव.”

ती हलली नाही. चौकटीवरचा तिचा हात तेवढा घट्ट झाला.

“येवढं शिकली,” म्हातारी चहा बशीत ओतत म्हणाली, “अन् आता कुठंतरी चूलच फुकत असंन बिचारी.”

“फुको ना,” ती म्हणाली. “पास त झाली.”

आणि तिने पदराचा बोळा करून तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. मी उठणार होते, पण उठता येत नव्हतं, मी तिला ओळखत नव्हते. म्हातारीने बशी खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पाहा बाई,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या पोरीसाठी डोये पुसून राह्यली. अशी हळवी हाय आमची सून.”