मागितली कधी तिनं?

आईचा तळवा पितळेच्या किसाने चिरला होता. कारखान्याच्या दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून कंपाउंडरने कापूस फेकला. आईच्या हातात नाही, पायाशी. "बांधून घे," म्हणाला आणि खिडकी लावली. आमच्या नागपूरकडचाच तो, आमचीच बोली बोलणारा.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या त्या कारखान्यात तोफगोळ्यांचं काम रात्रंदिवस चालायचं. आम्ही मायलेकी लेथ यंत्राखालचा धारदार पितळी कीस झाडायचो. अनवाणी. चपलेत पितळ लपवून नेतील म्हणून झाडूवाल्यांना चपला फाटकातच काढायला लावत. पितळ देशाचं होतं. आमचे पाय कुणाचेच नव्हते.

आईचा पाय चिरला त्याच दिवशी लेथ चालवणाऱ्या एका टर्नरचं बोट कापलं. तो पुढच्या दाराने गेला, स्टुलावर बसला, धनुर्वाताची सुई घेऊन आला. आईला सुईचं कुणी विचारलंही नाही. आम्ही कुठल्या झाडाचा पाला!

आठवड्याभरात आईचा जबडा मिटला. पाठ ताणली गेली, पाणी घशाखाली उतरेना. आमच्या गोहलपूरच्या खोलीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

मी कामावर परतले तेव्हा त्या टर्नरनेच मला सांगितलं, अशी सुई असते म्हणून. तशीच खिडकीशी गेले. आईला काहून नाही दिली, विचारलं. कंपाउंडर चिडलासुद्धा नाही.

"मागितली कधी तिनं?"

सुई असते हेच जिला ठाऊक नाही, ती मागणार कशी? अंगाची लाही लाही झाली. माझीही टाच त्या दिवशी किसाने फाटली होती. मी वळसा घालून पुढच्या दाराने आत शिरले. स्टुलावर बसले. टेबलावर हात ठेवला.

"चल, बाहेर बस," कंपाउंडर म्हणाला.

"नाही बसत. सुई दे. माझ्यामागून बाया येऊन राहिल्या, त्यांनाही दे. कोणी मागायची वाट नको पाहू."

जन्मात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. आतून डॉक्टर पाहत होते. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली. कंपाउंडरने सुई भरली आणि माझा दंड धरून टोचली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

लोक म्हणतात, झालं गेलं विसर. का विसरू? रक्ताळल्या पायाने कुणीही आलं की मी हाताला धरून पुढच्या दाराने आत नेते. कंपाउंडर पट्टी उलगडतो. मी म्हणते, आधी सुईचं विचार. भोंगा वाजू दे, मुकादम ओरडू दे. तो स्वतःच्या तोंडाने विचारेपर्यंत मी ते दार सोडणार नाही.